चंद्रावतीच्या शेजारची जागा

मुंबई फार मोठी आहे असं मुंबई पाहून आलेले लोक सांगतात. असेल. आम्हाला जाऊन बघायची गरज कधी पडली नाही, कारण आमच्या डहाणू रोडच्या बाजारात चार माणसं भांडायला लागली की पाच भाषा ऐकू येत. इराण्याच्या हॉटेलात वाढवणचा खलाशी आणि तलासरीचा गाडीवान पाठीला पाठ लावून चहा पीत, मारवाडी गुजरातीत भाव सांगे, गिऱ्हाईक मराठीत नाही म्हणे, आणि सौदा मात्र बोटांनीच ठरे. त्या दिवसांत डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार हा वाद पार दिल्लीपर्यंत पोचला होता. बाजाराला मात्र त्याहून मोठा घोर लागला होता. सुक्या मासळीच्या रांगेतली पुतळी म्हातारी लेकाकडे मुंबईला कायमची निघून गेली होती. तिच्या रिकाम्या जागेवर आता बसणार कोण?

त्या जागेच्या एका अंगाला बसे वाढवणची चंद्रावती आणि दुसऱ्या अंगाला वेणू. दोघींकडे बोंबील, दोघींकडे सुकट, आणि दोघींचं एकमेकींवर इतकं प्रेम की एकीला शिंक आली तर दुसरी म्हणे, मीच आठवण काढली होती, शिव्या देऊन.

चंद्रावतीचा आवाज मी ऐकलेला आहे, म्हणून सांगतो. ती ‘बोंबीऽऽल’ म्हणाली की तलासरीचे कोंबडे भर दुपारी आरवत. एकदा फ्रंटियर मेल डहाणूला न थांबता जाणार होती, ती सिग्नल हिरवा असताना थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, कोणी हाक मारली? चंद्रावतीनं त्याला बोंबलांची जुडी विकून मगच गाडी सोडली. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं तो ड्रायव्हर शोधून काढावा.

पुतळीच्या जागेवर चंद्रावतीच्या नणंदेनं बसायचं असं चंद्रावतीनं मनात ठरवून टाकलं होतं. तिनं ते कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. वैशाखातल्या पहिल्याच बाजाराला येऊन बघते तर तिथं डोंगरातल्या कैनाडची सुकी नावाची बाई. पुढ्यात करवंदांची पाटी, झाकणाच्या टोपलीत दोन-तीन कोंबड्या, आणि तोंडातून हाक नाही.

“काय गो, ही जागा कोणाची ठाऊक हाय?” चंद्रावतीनं विचारलं.

“रिकामी होती. बसलू,” सुकी म्हणाली. “तुला पाय पसरायला हवी का?”

सुकीच्या गावात देवालाही तूच म्हणतात, जावयालाही तूच आणि मामलेदारालाही तूच. पण वयानं दहा पावसाळे धाकटी बाई आपल्याला तू म्हणते, हे चंद्रावतीच्या काळजाला बोंबलाच्या काट्यासारखं टोचलं. आणि पलीकडून वेणू हसली, तेव्हा तो काटा आडवा झाला.

आता वैशाख म्हणजे आमच्याकडे काय, ते सांगायला हवं. पावसाचे चार महिने होड्या वर ओढलेल्या असतात. डोंगरातले लोक त्या चार महिन्यांची सुकी मासळी वैशाखातच भरून ठेवतात. त्याला आम्ही आगोट म्हणतो. सुकी मासळी विकणाऱ्या बाईचं वर्ष या तीन-चार बाजारांवर उभं असतं. विकलं गेलं ते गेलं. जे उरलं त्याला पावसाची ओल लागते, अळ्या पडतात, आणि शेवटी ते भाताच्या खाचरात खत म्हणून फेकावं लागतं. त्या वर्षी चंद्रावतीच्या नवऱ्याला, भिकूला, अख्खी होडी भरून बोंबील लागले होते. घरात माळ्यापर्यंत बोंबील. माणसं बाहेर झोपत होती.

आणि गिऱ्हाईक तर कुठं दिसेना.

म्हणजे येत होतं. कैनाडचं, गंजाडचं, तलासरीकडचं, डोंगरातून उतरलं की सरळ मासळीच्या रांगेकडेच येत होतं. पण मध्ये सुकी दिसली की तिच्याभोवती बसे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळी चौकशी तिथं. चंद्रावतीकडे सगळ्यांच्या पाठी. बोलणं आटोपलं की माणसं उठत आणि वेणूच्या पुढ्यात जाऊन बसत. चंद्रावती घसा फोडून हाका मारी, आणि वेणूची पाटी रिकामी होई.

“आज लवकर आटोपलं गो माझं,” वेणू दुसऱ्या बाजाराच्या शेवटी पाटी झटकत म्हणाली. “तुझे बोंबील एवढे सुंदर, घरी शोभेला ठेवणार का?”

“तुझे ओले असतील. लोक कुजायच्या आत घेऊन जातात.”

“असतील,” वेणू म्हणाली. “पण घेऊन जातात.”

त्या रात्री भिकूला जेवण मिळालं, पण ताट आदळून. चंद्रावतीचा एकच हेका: सुकीनं काहीतरी केलंय. हाक न मारता माणसं गोळा होतात म्हणजे काय? हे डोंगरातले लोक जंतरमंतरवाले. सासू सांगायची, त्यांच्या हातचं काही सरळ घेऊ नये. म्हणून तर चंद्रावतीची रीत होती. डोंगरातलं गिऱ्हाईक आलं की त्यानं पैसे खाली ठेवायचे, तिनं त्यावर लोट्यातलं पाणी शिंपडायचं, मग उचलायचे, आणि बोंबील त्याच्या पसरलेल्या धडप्यात वरून टाकायचे. इतकी जपूनही करणी लागलीच, असं तिचं म्हणणं.

“मग भगताला दाखव,” भिकू म्हणाला. तो भला माणूस होता, त्याला फक्त जेवायचं होतं.

“आपला भगत समुद्राच्या भुतांचा. डोंगराची करणी त्याला काय कळणार? डोंगराचाच भगत पाहिजे.”

म्हणजे डोंगरातल्या माणसाची करणी उतरवायला डोंगरातलाच माणूस. भिकूला यात काहीतरी गंमत वाटली, पण तो बोलला नाही. संसार असाच टिकतो.

दुसऱ्या दिवशी नवराबायको कैनाडला निघाली. कोणी ओळखू नये म्हणून चंद्रावतीनं डोक्यावरून धडपा ओढून घेतला होता. पण काखोटीला भगतासाठी बोंबलांची मोठी जुडी. वास दोन शिवारं पुढं चालला होता. कैनाडची झाडून सारी कुत्री वेशीवर स्वागताला उभी. त्यांच्या मागून पोरं. अशा गुपचूप थाटात वरात लडक्या भगताच्या अंगणात पोचली.

लडक्या म्हातारा खाटेवर बसला होता. त्यानं सुपात तांदूळ घेतले, सूप हलवलं, दाणे दोन-दोन करून मोजले, आणि बोलण्याआधी जुडीतला एक बोंबील काढून हुंगला.

“वाढवणचा,” तो म्हणाला. “म्हणजे तू ती ओरडणारी.”

चंद्रावतीचा धडपा खाली आला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“माझ्या सुनेनं. सुकीनं. ती मागच्याच आठवड्यात दाणे पाहून गेली. म्हणाली, बाजारात माझ्या शेजारी समुद्राची एक चेटकीण बसते. ती ओरडली की शहरातली माणसं माझ्याकडे बघतच नाहीत, सगळी तिच्याकडे वळतात. माझ्या कोंबड्यांनी तर अंडी सोडली.”

भिकू कुत्र्यांकडे बघू लागला. चंद्रावतीच्या तोंडावर एकाच वेळी तीन रंग आले. करणी करणारीचाच सासरा समोर बसला होता, त्याचा राग. आपल्याला चेटकीण म्हटलं, त्याचा दुसरा राग. आणि सगळ्यात खोल तिसरा.

“ती माझ्या आधी आली?” तिनं विचारलं. “तिला काय उतारा दिलात?”

“तो तिचा.”

“मला तोच द्या. त्याहून जोरातला द्या. ही जुडी काय वाटेत सापडली नाय.”

म्हाताऱ्यानं सुपातले दाणे पुन्हा हलवले. माझा स्वतःचा अंदाज असा की त्यानं दाण्यांकडे पाहिलंच नाही. “बाईत काही नाय,” तो म्हणाला. “जागेत हाय. एक बाजार ती तुझ्या जागी बसेल, तुझं बोंबील विकेल. तू तिच्या जागी बस, तिची करवंदं वीक. कोणी विचारलं तरी मी इथली नाय म्हणायचं नाय, जागाही सोडायची नाय. सोडली तर पुढल्या वर्षीही बोंबील घरातच.”

चंद्रावतीला उतारा पसंत पडला नाही. पण माळ्यावरचे बोंबील डोळ्यांपुढे होते.

पुढच्या बाजाराला वेणूनं ती अदलाबदल पाहिली आणि तिच्या हातातली बोंबलांची जुडी तशीच राहिली. सासऱ्याच्या शब्दाखातर सुकी चंद्रावतीच्या ढिगामागे बसली. चंद्रावतीनं पदर खोचला आणि पहिली हाक दिली, “करवंदंऽऽ”. इराण्याच्या हॉटेलातला चहा कपातल्या कपात हलला, हे मला स्वतः इराण्यानं सांगितलंय. शहरातली माणसं फिरली. सुकीकडे जी कधी फिरकली नव्हती ती मास्तरीण, तो पोस्टातला कारकून, तो तार ऑफिसचा मद्रासी, सगळे करवंदांना आले.

त्यात नव्या वसाहतीतली एक बाई होती, नवऱ्याची बदली होऊन पुण्याकडून आलेली. तिनं नाकाला पदर लावला होता.

“अगं, तुम्हा जंगलातल्या लोकांना मासळीचा वास कसा गं येतो?” तिनं विचारलं.

मी वाढवणची, असं चंद्रावतीच्या ओठांवर आलं होतं. मी सुकीच्या लोकांतली नाही. पण शेजारून सुकी बघत होती, आणि जागा सोडायची नव्हती. तिनं करवंदांचा द्रोण भरला.

“द्रोण खाली ठेव,” बाई म्हणाली. चंद्रावतीनं ठेवला. बाईनं वरून नाणं टाकलं. ते चंद्रावतीच्या पायावर आपटून धुळीत गेलं. बाईनं बोटांच्या टोकांनी द्रोण उचलला आणि गेली.

चंद्रावती धुळीतलं नाणं शोधत होती, तेवढ्यात शेजारी कैनाडचा एक म्हातारा बोंबील चावून बघत होता. सुकीनं त्याच्या हातावर दिला होता.

“बेस हाय गो,” तो सुकीला म्हणाला. “हे कोणाचं?”

“चंद्रावतीबायचं.”

“त्या ओरडणारीचं? एवढं चांगलं?” म्हाताऱ्यानं आणखी एक तुकडा घेतला. “तिच्याकडे आम्ही नाय जात. ती वरून टाकते. कुत्र्याला टाकावं तसं.”

तो हे अगदी सहज बोलला, आज ऊन आहे म्हणावं तसं. चंद्रावती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिच्या मुठीत ते धुळीतलं नाणं होतं. सुकीनं तिच्याकडे पाहिलं नाही. वेणूनं मात्र पाहिलं.

चंद्रावती पुढची हाक द्यायचीच विसरली. एवढा वेळ ती गप्प कधी बसली नव्हती; स्टेशन मास्तर बाहेर येऊन बघून गेला, बाजार उठला की काय म्हणून. तिला राग आला होता, पण कोणावर टाकावा ते कळेना. बाईवर टाकावा तर तो फिरून स्वतःकडेच येत होता. वर आणखी एक जळजळ: सुकीपुढं माणसं बसत होती, हसत होती, आणि तिचे, स्वतःच्या हातानं वाळवलेले बोंबील दुसरीच्या हातून जात होते.

दुपार कलायच्या आत ढीग संपला. करवंदंही संपली, कोंबड्याही गेल्या. आणि मग वेणू उठली. पदरानं तोंड पुसत, साखरेसारखी गोड होऊन सुकीपाशी आली.

“सुके, माझी बाय, पुढल्या बाजाराला माझ्याकडे बस. माझं बोंबील तू वीक. मी तर कधी वरून टाकलं नाय कोणाला.”

हे खरं होतं. म्हणूनच ते चंद्रावतीला सहन झालं नाही. तिनं सुकीचा दंड धरला. तो दंड तिनं आजवर कधी धरला नव्हता, आणि धरल्यावर सोडायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

“ही माझ्याकडे बसेल,” ती वेणूला म्हणाली. “भगतानं सांगितलंय.”

“भगतानं एक बाजार सांगितला होता,” सुकी म्हणाली. “बसते. पण आमच्या माणसांना हातात द्यायचं. पैसे हातातून घ्यायचे. तूही. मी नसले तरी.”

चंद्रावतीनं एकदा सुकीकडे पाहिलं, एकदा वेणूकडे. सासूची रीत एका पारड्यात होती, दुसऱ्या पारड्यात वेणू.

“देईन,” ती म्हणाली. आणि वेणूला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, “हातातच देईन.”

पुढच्या बाजाराला दोघींनी एकच गोणपाट अंथरलं. चंद्रावती सुकीला अशी खेटून बसली की मध्ये वारा जाऊ नये, वेणू तर नाहीच. शहरातली गिऱ्हाइकं तिच्या हाकेला येत, डोंगरातली सुकीच्या गप्पांना. पहिल्यांदा हातात बोंबील देताना चंद्रावतीचा हात जरा अडला, तेव्हा त्या कैनाडच्या म्हाताऱ्यानंच पुढं होऊन बोंबील घेतला.

पण जीव काही निवला नाही. डोंगरातल्या बायका सुकीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि सगळ्या एकदम हसल्या. चंद्रावती त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली.

“काय म्हणाल्या?” तिनं सुकीला कोपरानं ढोसलं. “माझ्याबद्दल म्हणाल्या काय? मलाही सांग ना गो.”

“थांब,” सुकी म्हणाली. “आधी आमचं हसून होऊ दे.”