यज्ञेश्वररावांनी ठोकलेले नाल

मी झाशीची घोडी बोलतेय. रंगाने अबलख, स्वभावाने तिरसट. माझ्या पाठीवर भूत बसतं असं लोक म्हणायचे. खरं काय ते माझ्याखेरीज कोण सांगणार?

सत्तावन्नची धामधूम आमच्या झाशीला पुढच्या चैत्रात भोवली. वेढा पडायच्या आदल्या दिवशी माझे धनी यज्ञेश्वरराव यांनी बायकोला, अनुसूयाबाईंना, गुरसरायला माहेरी धाडायचं ठरवलं. नालबंद केव्हाच पळालेला. मग धन्यांनी स्वतःच हातोडी घेऊन माझ्या चारी पायांना नाल ठोकले. पुढचा डावा तिरका बसला, पण तेव्हा कोण तक्रार करणार! बाई माझ्यावर बसून सुखरूप पोचल्या. धनी मागे राहिले ते राहिलेच.

पावसाळा सरल्यावर आम्ही परतलो. धन्यांचा ना निरोप, ना प्रेत. धाकटे दीर वामनराव म्हणाले, "वहिनी, दादांचे दिवस करायला हवेत." बाईंनी ऐकलं नाही. कुंकू तसंच ठेवलं आणि माझे नालही कोणाला काढू दिले नाहीत. "त्यांच्या हातचे आहेत. तेच येऊन काढतील."

अहो, महिना-दीड महिन्याने नाल काढून खूर छाटायचे असतात! माझे आपले वाढतच गेले, पुढून लांब आणि टाचेला खचलेले. तोल सावरता सावरता पाठ इतकी दुखायची की नुसता हात लागला तरी खाली दबायची.

रोज दिवेलागणीला बाई येऊन पाठीवर तळवा ठेवायच्या. पाठ दबली की हळूच विचारायच्या, "आलात?" मग रिकाम्या पाठीशी दिवसभराचं बोलत बसायच्या. शेजारी दारं लावून घ्यायचे. खोटं कशाला सांगू, पुढे पुढे मलाही वर कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. मान वळवून बघायची छाती होत नसे.

शेवटी माझं पाऊल उचलेना, तेव्हा वामनरावांनी एका म्हाताऱ्या नालबंदाला आणलं. तो पाठीकडे न बघता खाली वाकला. "बाई साब, पीठ में कछू नइयाँ. खुर देखो. नाल न निकरे तो घोड़ी मर जैहै."

बाईंनी पुढच्या डाव्या पायाच्या तिरक्या नालावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "काढा."

दर महिन्याला छाटणी होऊ लागली. पाय सरळ पडू लागले, पाठ दुखायची कमी झाली. बाईंच्या हाताखाली ती रोज थोडी कमी दबायची. एका संध्याकाळी हललीच नाही. बाईंनी जोर देऊन बघितलं. "अहो," म्हणाल्या. पुन्हा एकदा, "अहो." मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "भाऊजी, भटजींना बोलावणं धाडा."

आता मी थकलेय. तुमच्या घोड्याची पाठ धरली तर देवऋषी शोधण्याआधी त्याचे पाय उचलून बघा, बाबांनो. मागणं एवढंच.

माझ्या मनाला लागलंय ते वेगळंच. त्या संध्याकाळी मी पाठ जराशी खाली केली असती, तर बाईंना आणखी एक दिवस मिळाला असता. पण इतक्या महिन्यांनी मला बरं वाटत होतं हो. सुचलंच नाही.