पुन्हा घडत नाही

ब्राउझरची नवी आवृत्ती ठरल्या तारखेला बाहेर पडली, तर साहेबांना वरच्या मजल्यावरची खिडकीची खोली मिळणार होती. ज्याने ती लिहिली त्याला भर सभेत टाळ्या मिळणार होत्या. आणि जी ती तपासत होती, त्या ताईला पिवळ्या ओळखपत्राच्या जागी निळं मिळणार होतं. पिवळं म्हणजे तात्पुरती, निळं म्हणजे कायम. निळ्याला रजा असते, पिवळ्याला नुसती गैरहजेरी. ताईला आपल्या आईला दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी न्यावं लागे. तेव्हा तिघांत गरजू कोण, हे तुम्हीच ठरवा. मला काय मिळणार होतं? काही नाही. मित्रांनो, मी त्या खोलीतला सगळ्यात जुना संगणक आहे, आणि जुन्याला कोणी बक्षीस देत नाही. फार तर फडकं मारतात.

तसा मीही एके काळी तरुण होतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याइतका चपळ कोणी नव्हता. नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर मी सहा वर्षं घालवली. त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून माझा वेग दाखवत. पुढे त्याच बाई मला गोगलगाय म्हणू लागल्या. कौतुकाचं असंच असतं. वेगात येतं आणि वेगातच जातं.

भंगारात जाता जाता मला ब्राउझर बनवणाऱ्यांनी उचललं. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडायचा प्रोग्राम. तो तुमच्या घरी येण्याआधी त्याच्या कच्च्या आवृत्त्या निघतात आणि त्या कच्च्या आवृत्त्या आम्ही पचवायच्या असतात. चाचणीच्या लांब टेबलावर दहा नवे संगणक होते आणि शेवटी मी. सगळ्यांच्या घरी नवी यंत्रं नसतात, म्हणून एक म्हातारा जवळ असलेला बरा, असा शहाणा विचार कोणीतरी केला होता. तो माणूस नोकरी सोडून गेला, पण मी राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मंदपणाला मान होता.

ताई माझ्यासमोर बसे. तिला सगळे ‘कुसळताई’ म्हणत, कारण दुसऱ्यांना मुसळ दिसायच्या आत तिला कुसळ दिसे. ज्याने नवी आवृत्ती लिहिली, त्याला पाठीमागे ‘दीड’ म्हणत. उरलेलं ‘शहाणा’ ज्याचं त्याने लावून घ्यायचं.

त्या खोलीत एक कडक नियम होता. चाचणीआधी यंत्र कोरं करायचं. म्हणजे उघडी पानं बंद, जुनी साठवण पुसलेली, पोट अगदी रिकामं. कोऱ्या यंत्रावर दिसला तरच तो दोष खरा. कोऱ्या यंत्रावर दिसला नाही, तर तक्रारीपुढे तीन शब्द लिहायचे, ‘पुन्हा घडत नाही’, आणि तक्रार बंद.

एकदा आईची तब्येत बिघडली आणि ताई तीन दिवस आली नाही. तेवढ्यात ज्याला त्याला माझी आठवण झाली. कोणी माझ्यावर बातम्या वाचल्या, कोणी गाणी लावली, आणि पानं तशीच उघडी टाकून गेले. ताई परतली ती घाईत, मला कोरं करायचं विसरली आणि तशीच कामाला लागली. एक लांबलचक अर्ज तिने भरत आणला, मध्येच दुसरं पान बघितलं आणि अर्जाकडे परत आली. अर्ज रिकामा! नाव नाही, पत्ता नाही, काही नाही.

झालं होतं असं. नव्या आवृत्तीला काटकसर शिकवली होती. मेमरी भरली की मागची पानं गुपचूप बंद करायची आणि माणूस परत आला की नव्याने उघडायची. नव्या यंत्रांची मेमरी भरतच नव्हती. माझी मात्र तेव्हा गळ्यापर्यंत आली होती. पान नव्याने उघडलं, पण माणसाने लिहिलेलं सगळं गेलं.

ताईने तक्रार नोंदवली. दीड आला. आल्या आल्या त्याने मला कोरं केलं आणि अर्ज तीनदा भरून दाखवला. तीनही वेळा सगळं जागच्या जागी. आता मला सांगा, आधी पोट साफ करायचं आणि मग विचारायचं, कुठे दुखतंय!

“बघ कुसळताई, पुन्हा घडत नाही.”

“कोरं केल्यावर कसं घडेल? घरी कोण रोज सकाळी कॉम्प्युटर पुसून बसतं?”

“नियम मी नाही केला, बाई. आणि या डबड्याचं काय घेऊन बसलीस? त्याला उचकी लागली तरी तू तक्रार लिहिशील.”

“डबडं तर डबडं. लोकांकडे हेच आहे.”

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब कधी आवाज चढवत नसत, त्यांना गरजच पडत नसे. ते माझ्याच टेबलाला टेकून उभे राहिले.

“आई कशा आहेत आता?”

“बऱ्या आहेत, सर.”

“काळजी घ्या. तुमच्या निळ्या कार्डाचा कागद माझ्याकडेच आहे. आवृत्ती गेली की लगेच सही करतो. ही एवढी एक तक्रार उघडी राहिली, तर आवृत्ती जात नाही. बघा बुवा, मी काही सांगत नाही.”

काही न सांगता किती सांगता येतं!  दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ताईने ते तीन शब्द लिहिले, खाली आपलं नाव घातलं आणि तक्रार बंद केली.

आवृत्ती ठरल्या दिवशी गेली. टाळ्या झाल्या, खोली मिळाली, आणि निळं कार्डही मिळालं.

महिन्याभराने एका आजींचं पत्र आलं. ताईने ते खोलीत मोठ्याने वाचलं. आजींच्या नातवाला ऐकू येत नव्हतं. अशा मुलांच्या एका शाळेत बारा जागा होत्या आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. ‘मी एका बोटाने टाइप करते,’ आजींनी लिहिलं होतं. ‘दोन तास लागले. डॉक्टरांच्या दाखल्याचा नंबर बघायला दुसरं पान उघडलं. परत आले तर अर्ज कोरा. पुन्हा भरला. तपासायला गेले, पुन्हा कोरा. मग पाच वाजले आणि मुदत संपली. तुमच्या यंत्राला म्हाताऱ्या माणसांचा कंटाळा येतो का, एवढंच कळवा.’

 दीडने त्याच दिवशी दोष काढून टाकला. चहाच्या आत निघाला, एवढासाच होता. मग दोष नजरेतून सुटला कसा, याची चौकशी बसली आणि निष्कर्ष निघाला की चाचणीचं जुनं यंत्र भरवशाचं नव्हतं. ज्याने खरं दाखवलं, तोच बेभरवशाचा ठरला! त्या कागदावरही ताईची सही लागली. तिने तीही केली.

मला न्यायला सामानवाला आला. “काय बिघडलंय याचं?” त्याने विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाली. तिने माझी वायर काढून त्याच्या हातात दिली. “घेऊन जा.”

आता मी तळघरात, तुटक्या खुर्च्यांच्या शेजारी आहे. वरच्या बातम्या सामानवाल्याकडून कळतात. ताईला हल्ली कोणी कुसळताई म्हणत नाही म्हणे. तिला कुसळं दिसेनाशी झाली आहेत.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं यंत्र अडलं, किंवा जुनं माणूस कुरकुरलं, तर लगेच त्याला पुसून गप्प करू नका. भरल्या पोटी दुखतंय, तर भरल्या पोटीच तपासा. आणि ‘पुन्हा घडत नाही’ असं म्हणण्याआधी, एकदा तरी घडलं ते कोणाला, हे विचारा.

करावे तसे भरावे, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. इथे केलं तिघांनी, चौथा मी नुसता बघत होतो. अर्ज आजींनी भरला, दोनदा भरला. आणि त्याउपर जे भरायचं होतं, ते भरलं त्या मुलाने. एक अख्खं वर्ष, घरी बसून.