फेरेटचं नाक

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मुंगूसबाबा म्हणत. फेरेट नावाचे मुंगसासारखे प्राणी त्यांच्या ताब्यात होते, आणि वयोमानाने चेहराही थोडा तिकडेच झुकला होता.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरची ओळखीची साखर बघून. कोंबडीच्या पेशीवर ती साखर वेगळ्या पद्धतीने जोडलेली, म्हणून माणसाचा फ्लू तिथून सहसा हात हलवत परततो. फेरेटच्या नाकात मात्र ती थेट आपल्या नाकातल्यासारखी. तिथे तो घरच्यासारखा आत येतो आणि मुक्कामच ठोकतो. त्यामुळे नियम असा, की शिंकणाऱ्याजवळ जो गेला त्याने आठवडाभर फेरेटच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि उद्यापासून तर नव्या लशीची चाचणी.

नेमकी आजच लेक आली. कित्येक वर्षांनी, दोन विमानांच्या मधल्या वेळात, टॅक्सी थांबवून. बाबा घराच्या गॅलरीत आले तशी ती खालून पहिला शब्द बोलली, "आऽक्छी!"

"वर येऊ नकोस!" बाबा ओरडले.

"काय गोड स्वागत!" तिने नाक पुसलं. "बाबा, तुम्ही कोंबड्या का नाही हो सांभाळल्या? मिठी तरी मारता आली असती."

"कोंबड्यांची जागा भरली होती गं."

ती हसली. हसताना तिची मान आईसारखी कलते, हे बाबा विसरूनच गेले होते. फोनवर मान कुठे दिसते?

"जेवता ना वेळेवर?"

"फेरेटबरोबरच."

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. गेली चाचणी खड्ड्यात! पण माणूस नियमाचा. संपर्क म्हटला की आधी साहेबांना कळवायचं, ही उभ्या जन्माची सवय. ते आत धावले, फोन लावला.

"साहेब, शिंकणाऱ्या व्यक्तीशी संपर्क आलाय. उद्या दुसरं कोणी बघा."

"कोण? कितपत जवळून?"

"लेक. छातीशी धरून. बराच वेळ," बाबांनी सांगितलं, आणि मग जिना उतरले.

रस्ता रिकामा होता.

आठवडाभर बाबा सक्तीने घरी. मधेच लेकीचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"तुम्ही आत गेलात ना, वाटलं, रडू येत असेल. म्हणून निघाले. ताप आलाय हो मला. तुम्ही बरे आहात ना?"

"ठणठणीत," बाबा म्हणाले. तब्येतीचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.