प्राणवायू वेचणारा पडदा

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे, पण गोष्ट एका मोठ्या आवाजाची आहे.

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, प्लास्टिकच्या जातीचा. माझ्या अंगात कोबाल्ट धातूचे कण आहेत. हवा आली की ते तिच्यातला प्राणवायू धरतात आणि हातोहात पुढे देतात. नत्रवायूला कुणी हात देत नाही. तो बहुतेक दाराशीच राहतो. देवाने एकत्र कालवलेलं निवडायला चिमूटभर धातू पुरावा, ही त्याचीच करणी!

मला घडवलं एका संशोधक बाईंनी. त्यांचे वडील प्रार्थनामंदिरात देवाच्या कथा गाऊन सांगत. फुप्फुसं थकली, कडवं अर्ध्यावर तुटू लागलं, तसं ते गाणंच सोडायला निघाले. त्यांना जास्तीचा प्राणवायू मिळावा म्हणून बाईंनी अकरा पडदे काचेवर ओतले. घाईने वाळवले, म्हणून प्रत्येकाला न दिसणारी भोकं पडली आणि दोन्ही वायू सरसकट पार झाले. बारावा मी. मला त्यांनी झाकून तीन दिवस सावकाश वाळवलं.

मग मी प्राणवायूच्या यंत्रात बसलो आणि बाबांच्या नाकाशी नळी आली. एका संध्याकाळी शेजारीपाजारी ऐकायला जमले. बाबांनी छान सूर लावला, पण तिसऱ्या कडव्याला श्वास अडकला. ओठ निळसर झाले. बाईंचा चेहरा उतरला.

"माझाच पडदा फाटला," त्या पुटपुटल्या.

मी धडधाकट होतो हो! पण सांगणार कसा? बाईंनी यंत्राला हात लावला, तर वर जाड रजई. यंत्राची घरघर गाण्याच्या आड येऊ नये म्हणून बाईंच्या आईंनी मायेने पांघरली होती. हवाच आत येईना, तर मी निवडू काय? बाईंनी रजई ओढून काढली.

जरा वेळाने बाबांना बोलता आलं. आईंकडे बघत ते म्हणाले, "मला रजई दोनदा मागावी लागते. या यंत्राला न मागता मिळाली."

आई डोळे पुसता पुसता हसल्या. बाबांनी तिसरं कडवं पुन्हा घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं.

आता माझे कण थकलेत. माझ्या जागी नवा पडदा आहे आणि मी बाईंच्या खणात निवांत पडून असतो. मित्रांनो, कुणाच्या घरी असं यंत्र असेल तर त्याची हवा आत घेणारी जाळी पुसा, त्याला मोकळी हवा द्या. आणि पोटभर श्वास घेऊन गाल, तेव्हा अकरा पडदे टाकून बारावा ओतणाऱ्या त्या लेकीची आठवण ठेवा.