रिकामा चौकोन

“आणि ग्रीस का नव्हतं?” मॅनेजरांनी पाचवा ‘का’ फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

दारापाशी तेलमामा उभे होते. बिस्किटांच्या या कारखान्यात यंत्रांना तेल-ग्रीस घालण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांचं आडनाव ठाऊक असलंच तर हजेरीपटाला. बैठकीत माणसं नऊ आणि खुर्च्या आठ. नववा कोण हे कुणी सांगितलं नव्हतं, मामांनीच ठरवून टाकलं होतं.

फळ्यावरची उतरंड सरळ होती. कणीक मळणारा तीन नंबरचा मिक्सर थांबला, कारण दांडा अडकला. दांडा अडकला, कारण बेअरिंग फुटलं. बेअरिंग फुटलं, कारण ते कोरडं पडलं. कोरडं पडलं, कारण ग्रीस नव्हतं. फुटलेल्या बेअरिंगचा लोखंडी चुरा कणकेत उतरला होता. पुढच्या टप्प्यावर धातू शोधणाऱ्या यंत्रानं तो पकडला, म्हणून कुणाच्या लेकराच्या तोंडात गेला नाही, ही देवाची कृपा. पण दोन पाळ्यांचा माल फेकावा लागला होता, आणि एवढा माल फेकला की कुणीतरी माणूसही शोधावा लागतो.

मॅनेजरांनी ग्रीसचा तक्ता पुढे सरकवला. प्रत्येक चौकोनात मामांची तिरकी सही. एकच चौकोन रिकामा.

“त्या दिवशी मिक्सर थांबवून दिला नाही, साहेब. चालत्या यंत्रात हात कसा घालू? ग्रीस घातलं नाही, म्हणून सही केली नाही.”

“मग सांगायचं होतं ना कुणाला.”

“सांगितलं होतं,” मामा म्हणाले. कुणाला, ते म्हणाले नाहीत.

खिडकीजवळच्या खुर्चीत इंजिनियर मान खाली घालून बसला होता. त्याच्या कार्डावर ‘रिलायबिलिटी इंजिनियर’ असं छापलेलं होतं. सासरे एकदा विचारते झाले होते, “म्हणजे नेमकं काय करता हो जावईबापू?” त्यानं सांगितलं होतं, यंत्र बिघडायच्या आधी ते बिघडणार हे ओळखतो. त्यावर सासरे म्हणाले होते, “बरं आहे. आमच्याकडे हे काम तुमच्या सासूबाई फुकट करतात.”

काम खरंच तेवढंच होतं. महिन्यातून एकदा शिडी चढायची, प्रत्येक बेअरिंगला मीटर टेकवायचा, थरथर किती ते वहीत लिहायचं. तीन आठवड्यांपूर्वी मामा त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, “साहेब, तीन नंबरचा घसा बसलाय. ग्रीसलाही थांबवून दिला नाही. वर चढून बघता का एकदा?” टेबलाभोवती चौघं जण होते. चौघांसमोर माणसाची जीभ जरा जास्तच चालते. “मामा, तुमच्या कानाचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं शेवटचं?” तो म्हणाला. सगळे हसले. मामाही हसले.

दुसऱ्याच दिवशी त्याची फेरी होती. तीन नंबरपाशी पीठ उडत होतं, शिडी उंच होती आणि खाली चहा आला होता. आधीच्या दोन महिन्यांचे आकडे २.१ आणि २.२ होते. त्यानं शिडीच्या पायथ्याशी उभ्या उभ्याच २.३ लिहिलं. तोच आकडा पुन्हा लिहिला असता तर संशय आला असता, म्हणून एका दशांशानं वाढवला. खरं कसं दिसतं हे खोटं लिहिणाऱ्याला फार बारकाईनं ठाऊक असतं.

“तुमचं रीडिंग काय होतं?” मॅनेजरांनी त्याला विचारलं.

देव फार लांब असतो असं माणूस मानतो, ते स्वतःच्या सोयीसाठी. त्या क्षणी देव टेबलाच्या पलीकडेच उभा होता. इंजिनियरला ते कळलंही.

“दोन पॉइंट तीन,” तो म्हणाला.

“म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. मग ग्रीसच.”

मामांना लेखी ताकीद मिळाली आणि क्रेट धुण्याच्या खोलीत बदली. त्यांनी कागद पूर्ण वाचला, पेन मागितलं, सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

पुढचे चार दिवस इंजिनियर जेवणाचा डबा तसाच घरी परत नेत राहिला. सकाळी देवापुढे हात जोडले, तर मागायचं काय तेच सुचेना. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, मला सांगून काय उपयोग? मी काय त्यांना परत आणणार आहे?”

तो मॅनेजरांकडे गेला. उभ्यानंच सगळं सांगितलं. शिडी, चहा, २.३. मॅनेजरांनी उठून दार लोटलं. अहवाल वर गेलाय, ते म्हणाले. आता वहीच खोटी म्हटलं, तर तपासणारे सगळ्याच वह्या उघडतील. मामांना काही घरी बसवलेलं नाही. यापुढे सांभाळा, आणि हा विषय इथेच ठेवा.

बाहेर आल्यावर त्याला हलकं वाटलं. जिना अर्धा उतरला आणि त्या हलकं वाटण्याचीच अशी लाज वाटली, की तो कठडा धरून उभा राहिला.

मग तो क्रेट धुण्याच्या खोलीत गेला. तिथे गरम पाण्याची वाफ कोंडली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेले मामा ब्रश फिरवत होते.

“मामा, त्या दिवशी मी वर चढलोच नव्हतो. आकडा मनानं लिहिला.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “मी पलीकडच्या मिक्सरला ग्रीस भरत होतो. बघितलं.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

मामांनी क्रेट उलटा केला, पाणी निथळू दिलं.

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर इंजिनियरला त्याला धरून उभं राहता आलं असतं. मॅनेजरसाहेबांना आत्ताच सगळं सांगून आलो, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण ते सांगण्यात आता काय राहिलं होतं? मामांनी दुसरा क्रेट घेतला, नळी उचलली आणि त्याच्या पायांकडे पाहिलं.

“जरा बाजूला व्हा, साहेब,” ते मऊपणानं म्हणाले. “बूट भिजतील तुमचे.”