नाकतोड्यांचा डबा

मुगालुलाला पोलिसांनी उचलून नेलं त्याला आज नऊ दिवस झाले होते, आणि रोज लख्ख होऊन परत येणाऱ्या डब्याचा नस्सालीला आता संशय यायला लागला होता.

नवरा सायकली दुरुस्त करणारा. बाजाराची जागा कुणाच्या नावावर गेली, कागद दाखवा, एवढंच त्यानं सभेत विचारलं होतं. अठ्ठेचाळीस तासांत कोर्टापुढे उभं करायचं, असा कायदा आहे म्हणे. चौकीत कायद्याला विचारतो कोण? भेट बंद, डबा मात्र घ्यायचे. संध्याकाळी सार्जंट अडुपा तो परत द्यायचा आणि वर म्हणायचा, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे.

इथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षांच्या संसारात मुगालुलानं शेवटचे दोन घास कधी संपवले नव्हते. तुरुंगात गेल्यावर बरी अन्नाची किंमत कळली!

दिराला सांगितलं, तर तो म्हणाला, गप्प बस, तुलाही आत टाकतील. हा अडुपाला कधीपासून हात करायला लागला, हेही तिच्या ध्यानात आलं होतं.

दिवस नाकतोड्यांचे होते. घरोघरी ते तळायला कढया चढलेल्या, गल्लीभर वास. फक्त मुगालुलाचं घर कोरडं, कारण नाकतोडा त्याच्या कुळाचं देवक. दारात आला तर ओंजळीत धरून बाहेर सोडायचा माणूस.

दहाव्या दिवशी नस्सालीनं शेजारणीच्या कढईत कांदा घालून नाकतोडे तळले. चौकीपर्यंत एकच धावा: डबा भरलेला परत येऊ दे. शिव्या घाल मला, तोंडावर फेक, पण खाऊ नकोस.

संध्याकाळी डबा रिकामा आला. अडुपा दात कोरत होता. म्हणाला, "बोटं चाटली त्यानं."

म्हणजे डबा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. तरी ती हसली. सासूबाईंना काळजी लागलीय, त्यानं काय खाल्लं तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणाली. अडुपा उत्तरेकडचा, त्याला इथली कुळं काय ठाऊक! त्यानं लिहिलं, कैदी मुगालुला यानं नाकतोडे खाल्ले, आणि सहीशिक्का ठोकून दिला.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशांनी लगोलग अडुपाला बोलावून घेतलं. कैदी सुखरूप आहे, दोन वेळ जेवतो, त्यानं सांगितलं.

न्यायाधीश इथलेच. चिठ्ठीवरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. हे नाव कुठल्या कुळात ठेवतात, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"तुमच्यासमोर खाल्ले?"

"हो साहेब. सगळे."

त्यांनी चष्मा काढला. "डब्याचं पुरे. माणूस आणा. आज, अंधार पडायच्या आत."

अडुपाच्या तोंडचं पाणी पळालं. नस्साली बाकावर टेकली. मांडीवर उकडलेल्या केळ्यांचा डबा होता. आज तिनं त्याच्या आवडीचं आणलं होतं. माणूस येईल की नाही, देव जाणे.

चौकीच्या रांगेत रोज दिसणारी एक बाई शेजारी सरकली. हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांचं देवक मासा आहे. उद्या नेऊ का गं?"

नस्सालीनं डबा घट्ट धरला.

"आजच ने," ती म्हणाली. "आणि चिठ्ठी घेतल्याशिवाय हलू नकोस."