चढाखालची डोण

मी एक दगडी डोण बोलतेय. बंगळूरच्या जुन्या पेठेतून आनेकलकडे जाणारा रस्ता जिथे चढायला लागतो, तिथे चढाच्या पायथ्याशी मी बसले आहे. सहा हात लांब, दोन हात रुंद, एकाच शिळेतली. बसची वाट बघताना तुम्ही कधी माझ्या काठावर पिशवी टेकवली असेल, पण माझ्याकडे पाहिलं नसेल. हरकत नाही. मी माणसांसाठी नाहीच. मी गाडीच्या बैलांना पाणी पाजते.

मला व्यंकोजी नावाच्या पाथरवटाने घडवलं. त्याच्या घरी मराठी, खाणीवर कन्नड. छिन्नी अडकली की तो मला दोन्ही भाषांत शिव्या द्यायचा. पण काठ घडवताना त्याने फार जपलं. रोज काम संपलं की तो खाली बसून स्वतःचा गळा माझ्या काठावर घासून बघायचा. जरा टोचलं की पुन्हा छिन्नी. "बैलाला बोलता येत नाही," तो म्हणायचा, "म्हणून मीच बैल होऊन बघतो."

चाळीस वर्षं मी भरलेली राहिले. समोरच्या छत्राच्या विहिरीतून पन्हळीने पाणी यायचं. छत्र म्हणजे यात्रेकरूंची उतरायची जागा. चढ सुरू होण्याआधी गाडीवान इथे थांबत, जू उतरवत, विडी पेटवत. विडी संपेपर्यंत बैलांचं पाणी पिऊन व्हायचं. मग गाडी चढ चढायची, आणि आर क्वचितच टोचावी लागायची. आर म्हणजे काठीच्या टोकाला ठोकलेला खिळा.

मग कधीतरी नळासाठी चर खणताना पन्हळ फुटली. ती कुणी सांधली नाही. मी कोरडी पडले. आधी माझ्यात केळीचे खुंट आले, मग शहाळ्याच्या करवंट्या, मग फुटक्या कौलांचा ढीग. शेवटी एका दुकानदाराने माझ्यावर फळ्या टाकल्या आणि त्यांवर सोड्याच्या बाटल्यांचे खोके रचले. अशी बारा वर्षं गेली.

बैल मात्र थांबायचे विसरले नाहीत. माझ्यापाशी आले की पाय रोवायचे, मान लांब करून फळ्यांचा वास घ्यायचे. आणि थांबले म्हणून पाठीत आर बसायची. कोरडी मी होते, मार ते खात होते.

१९९४ च्या एप्रिलमध्ये हेमलताबाई पहिल्यांदा इथे आल्या. पुण्याच्या. नवरा उपेंद्र सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर जे. पी. नगरला. त्यांच्या भागातल्या पाच-सहा जणींनी मुक्या जनावरांसाठी एक मंडळ काढलं होतं. हातात कन्नड पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांना स्वतःला ती वाचता येत नव्हती.

त्यांनी नेमकी विठोजीची गाडी अडवली. विठोजी जुन्या बंगळुरी मराठ्यांपैकी. पन्नाशीचा, उंच, तोंडाने फटकळ. लोखंडाच्या वखारीतून सळया भरून तो नव्या इमारतींवर पोचवायचा. त्याच्या उजव्या बैलाच्या, चेन्न्याच्या, मानेवर जुवाने तळहाताएवढी जखम झाली होती. तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

"अहो, ही जखम दिसत नाही तुम्हाला?" हेमलताबाई मराठीतच ओरडल्या. "काही वाटतं की नाही? मी कंप्लेंट करीन!"

आपल्या भाषेत शिवी खायला मिळाल्यामुळे विठोजी क्षणभर चकित झाला. मग म्हणाला, "करा की अक्का. कंप्लेंट प्यायला देऊन बैलाची तहान भागते काय?"

"वजन किती भरलंय गाडीत!"

"ह्या सळया तुमच्या जे. पी. नगरलाच चालल्यात. तुमच्या घराच्या कुणी ओढल्या, ते आलं काय कधी मनात?"

हेमलताबाईंनी नुसतं एक पत्रक त्याच्यापुढे धरलं. विठोजीने पत्रक घडी करून कमरेला खोचलं आणि बैलांना हाकललं. जाताना चेन्न्याला आर टोचली. मला वाटतं, त्यांना दाखवायला म्हणूनच टोचली.

त्या पुन्हा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. चार दिवसांनी त्या आल्या. या खेपेला पत्रकं नव्हती, मलमाचा डबा होता.

आणि त्याच दुपारी चेन्न्या पडला.

वखारीच्या मुकादमाने त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त सळया भरल्या होत्या. गाडी अर्ध्या चढावर अडली. विठोजीने आर टोचली, शेपटी पिळली, पुन्हा आर टोचली. चेन्न्या गुडघ्यावर आला, मग कुशीवर. त्याच्याबरोबर जू वाकडं झालं आणि डाव्या भीम्याची मानही पिळवटली. मागे बसगाड्या हॉर्न वाजवू लागल्या. कुणीतरी बैलाच्या नाकात पाणी ओता म्हणालं, कुणी मिरची चोळा म्हणालं.

हेमलताबाई धावत चढ चढल्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या जुवाखाली वाकल्या आणि गळ्याच्या दोरीला हात घातला. "जू सोडा आधी! मला गाठ सुटत नाहीये!"

विठोजी पुतळ्यासारखा उभा होता. त्या शब्दांनी तो हलला. दोघांनी मिळून चेन्न्याला मोकळं केलं. छत्राचे कारभारी हयवदनाचार्य पायरीवर येऊन बघत होते. पन्हळ फुटल्यापासून छत्राची विहीर फक्त यात्रेकरूंची, असा त्यांचा कडक नियम. त्यांनी बैलाच्या डोळ्याकडे पाहिलं, आत गेले आणि स्वतः तांब्याची घागर घेऊन बाहेर आले. तीन घागरी चेन्न्याच्या अंगावर गेल्या, चौथी पोटात गेली. बऱ्याच वेळाने तो उठला आणि थरथरत उभा राहिला.

पण गाडी रस्त्यात होती. निम्म्या सळया उतरवल्या, तरी एकटा भीम्या ती ओढणार कशी? तेव्हा विठोजीने खांद्यावरचा पंचा काढून फेकला आणि चेन्न्याच्या जागी जुवाखाली स्वतःची मान घातली. लोक हसले. तो हसला नाही. भीम्याबरोबर पावलाला पाऊल लावत तो ती गाडी चढाच्या माथ्यावर घेऊन गेला. मागून हेमलताबाई आणि दोन हमाल ढकलत होते.

खाली आला तेव्हा त्याच्या मानेची साल निघाली होती. तो मटकन माझ्याशेजारी बसला. "करा कंप्लेंट, अक्का," तो म्हणाला. "माझ्यावरच करा. निम्मंच वजन होतं. ह्याला मी सगळं ओढायला लावत होतो."

निरोप मिळाल्यावर त्याची बायको रत्नाबाई घरून हळद-तेल घेऊन आली. तिने आधी बैलाला लावलं, मग नवऱ्याला.

"इथे जवळपास पाण्याची सोय का नाही?" हेमलताबाईंनी विचारलं.

विठोजीने हात लांब करून सोड्याचे खोके ढकलले, एक फळी उचलली. "होती की. ही काय."

बारा वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं.

मला रिकामं करायला तीन दिवस लागले. विठोजीने आठ-दहा गाडीवान गोळा केले. दुकानदार कुरकुरला, तेव्हा रत्नाबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो खोके उचलून पलीकडे गेला. हयवदनाचार्यांनी "स्वल्प थांबा, विश्वस्तांना विचारतो" म्हणत आठवडा काढला, पण विहिरीवरून नळी टाकू दिलीच. पहिलं पाणी माझ्यात पडलं तेव्हा भीम्याने सगळ्यांच्या आधी तोंड घातलं. शहराच्या वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. त्यांत विठोजीचं नाव नव्हतं, म्हणून हेमलताबाईच जास्त चिडल्या.

त्यानंतर खरं काम सुरू झालं, आणि ते माझ्याच काठावर झालं. बैल पाणी पीत असताना हेमलताबाई माना तपासायच्या, मलम लावायच्या, गाडीवानांशी मोडक्या कन्नडमध्ये बोलायच्या. गाडीवान हसायचे आणि त्यांची वाक्यं दुरुस्त करायचे. एके दिवशी विठोजीने आपल्या काठीचा खिळा दगडाने उपटला आणि चिखलात फेकला. पुढच्या दोन महिन्यांत बऱ्याच काठ्या बोथट झाल्या. सगळ्या झाल्या असं मी म्हणणार नाही.

वजनाचा प्रश्न उरला होता. उपेंद्र दोन रविवार वही घेऊन इथे बसले. चढ मोजला, चाकं पाहिली, बैलांची वयं विचारली. मग प्रत्येक गाडीच्या बाजूच्या उभ्या खुंटांवर लाल पट्टा रंगवला. सळयांचा भार त्याच्या वर जायचा नाही, असं सतरा गाडीवानांनी ठरवलं.

वखारवाल्याने ते मानलं नाही. तेव्हा सतराही गाड्या जू सोडून माझ्याभोवती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी वखारीचे शेठ मोटारीतून उतरले.

"रंगाच्या पट्ट्यावर धंदा चालतो होय?" ते म्हणाले. "उद्या टेंपो लावीन. बसा बैलांना कुरवाळत."

हेमलताबाई पुढे झाल्या, पण विठोजीने त्यांना हाताने थांबवलं. त्याने सदऱ्याची कॉलर खाली ओढली. मानेवरचा वण काळा पडला होता.

"शेठ, मी निम्म्या वजनाखाली होतो. एकदाच, एवढाच चढ. हे बघा," तो म्हणाला. "जू इथे पडलंय. तुम्ही एकदा मान घालून बघा. नंतर पट्टा किती वर न्यायचा ते तुम्हीच सांगा. आम्ही सरी म्हणू, कबूल करू."

शेठ मोटारीत बसून निघून गेले. टेंपो त्यांनी खरंच आणले. अकरा दिवस सतरा घरांना काम नव्हतं. चार गाडीवान पट्ट्याच्या वर माल भरायला परत गेले. रत्नाबाईने त्यांना नावं ठेवली नाहीत. "पोरं उपाशी असली की माणूस जातोच," म्हणाली. पण पेठेच्या बोळांत टेंपो शिरेनात. बाराव्या दिवशी मुकादम आला आणि पट्ट्यापर्यंतच माल भरून घेतो म्हणाला. परत गेलेल्या चौघांनीही दुसऱ्या दिवशी पट्टा रंगवून घेतला.

आता १९९९ साल चालू आहे. या चढावर सहाच गाड्या उरल्या आहेत. बोळ रुंद झाले, टेंपो शिरू लागले. विठोजीने गाडी सोडली. चेन्न्या त्या दुपारनंतर पुन्हा जुवाला लागला नाही. रत्नाबाईच्या परसात जवळपास पाच वर्षं ऊन खात बसला आणि गेल्या माघात तिथेच गेला. हेमलताबाई आता कन्नडमध्ये भांडतातसुद्धा. परवा त्या हेब्बाळला घोडेवाल्यांशी बोलायला गेल्या होत्या. बरोबर विठोजी होता. बोलणी त्यानेच केली म्हणे.

गाड्या कमी झाल्या याचं मला दुःख नाही. एक दिवस एकही बैल या चढावर येणार नाही, आणि तो चांगला दिवस असेल. तोवर मी भरलेली राहीन. माझ्यात पाणी टिकतं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

तुम्हाला एवढंच सांगते. जनावर मुकं असतं हे मला पटलेलं नाही. चढावर बैल थांबतो, तेव्हा तो बोललेला असतो. पुढच्या वेळी एखादा थांबलेला दिसला, तर काठी कुणाच्या हातात आहे ते बघत उभे राहू नका. पुढे व्हा आणि आधी जू सोडा. गाठ सुटत नसेल तर हाक मारा. कुणीतरी येतं.

बाजूला व्हा बरं. दोन गाड्या येताहेत, आणि त्यांना माझ्यापर्यंत पोचायला वाट हवी आहे.